दोन एकरांची राखण आणि बंदुकीचा मोह

पौष सरत आला की कोकणातला आंबा मोहोराने लगडतो आणि त्याच सुमारास बागायतदाराची झोप उडते. तुडतुडे, करपा, अवकाळी पाऊस ही नित्याची संकटे आहेतच. त्यांच्यावर काही ना काही औषध तरी आहे. वानर-माकडांच्या कळपावर मात्र ते नाही. कैरी सुपारीएवढी झाली की कळप उतरतो, एकेक चावा घेऊन चार-चार कैऱ्या खाली टाकतो आणि तासाभरात झाड रिकामे करून शेजारच्या वाडीत जातो. रात्री रानडुकरांची पाळी. सुरणाच्या किंवा रताळ्याच्या वाफ्यात ती शिरली की सकाळी जमीन नांगर फिरवल्यासारखी उलटीपालटी दिसते. वरकस जमिनीत नाचणी-वरी का करत नाही, असे गावात कोणालाही विचारावे; मजुरीच्या तक्रारीइतक्याच ठामपणे डुकरांचे नाव घेतले जाते.

अशा वेळी माणसाच्या मनात बंदूक येणे स्वाभाविक आहे. मुंबई-पुण्यात हयात घालवून निवृत्तीनंतर गावच्या दीड-दोन एकरांत परतलेला गृहस्थ एक प्रश्न हमखास विचारतो: छऱ्यांची एअर रायफल घ्यावी, की 'पॉइंट टू-टू'चा परवाना काढावा? पहिली कागदपत्रांच्या खटाटोपाशिवाय हाती येते. दुसरी 'खरी' बंदूक म्हणून मनात भरते. प्रश्न वरवर खरेदीचा दिसतो. पण त्याचे उत्तर दुकानाच्या फळीवर मिळत नाही. आपली जमीन केवढी, आपला कायदा काय सांगतो आणि समोरचे जनावर कोणते, या तीन कसोट्यांवर ते घासून पाहावे लागते.

दोन शस्त्रे, दोन जाती

एअर रायफलीत दारू नसते. ताणलेल्या स्प्रिंगच्या दट्ट्याने किंवा नळकांडीत भरलेल्या हवेच्या दाबाने शिशाचा छर्रा बाहेर फेकला जातो. त्याचा व्यास साडेचार मिलिमीटर, म्हणजे ०.१७७ इंच, आणि वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. ऑलिंपिकच्या दहा मीटर स्पर्धेतील रायफलीच्या छऱ्यात सुमारे साडेसात ज्यूल इतकी ऊर्जा असते. आवाज 'फट्' एवढाच.

पॉइंट टू-टू ही जातच निराळी. तिच्यात काडतूस असते. मोठ्या रायफलीच्या काडतुसाला बुडाच्या मध्यभागी टोपी बसवलेली असते. या छोट्या काडतुसात मात्र स्फोटक मसाला बुडाच्या पोकळ कडेत भरलेला असतो आणि घोड्याचा आघात त्या कडेवर होतो. म्हणून तिला रिमफायर म्हणतात. आज जगभर चालणारे तिचे 'लाँग रायफल' काडतूस अमेरिकेत १८८७ मध्ये निघाले. स्वस्त, हलके आणि खांद्याला फारसा धक्का न देणारे म्हणून ते टिकून राहिले. एन.सी.सी.च्या शिबिरात पालथे पडून ज्यांनी पहिली गोळी झाडली, त्यांच्या हाती हीच रायफल होती. त्या आठवणीमुळेच अनेकांना ती 'पोरांची बंदूक' वाटते. हा समज धोक्याचा आहे. तिची अडीच ग्रॅमहून थोडी अधिक वजनाची गोळी सेकंदाला सुमारे ३३० मीटर वेगाने निघते आणि तिच्यातली ऊर्जा १४० ज्यूलच्या आसपास भरते. स्पर्धेतल्या छऱ्याच्या तुलनेत ही जवळजवळ वीसपट झाली.

येथे एक गोंधळ दूर केला पाहिजे. एअर रायफलीतही पॉइंट टू-टू, म्हणजे साडेपाच मिलिमीटर व्यासाची, जात असते. दुकानात 'टू-टू' हा शब्द दोन्हींसाठी वापरला जातो. व्यास सारखा असला तरी एकीत हवा आहे आणि दुसरीत दारू. कायद्याच्या दृष्टीने मात्र ही साडेपाच मिलिमीटरची एअर रायफलही परवान्याशिवाय बाळगता येत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

जमिनीचे गणित

आता पहिली कसोटी. एक एकर म्हणजे चाळीस गुंठे, सुमारे ४,०४७ चौरस मीटर. एकराचा तुकडा चौकोनी मानला तर त्याची एक बाजू भरते सुमारे ६४ मीटर. दोन एकरांची ९० मीटर. पॉइंट टू-टूची गोळी हे ९० मीटर सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात ओलांडते. नळी वर करून झाडलेली गोळी तर दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. म्हणजे नेम चुकला, किंवा फांदीवरच्या माकडावर धरलेली गोळी पानांतून आरपार गेली, तर ती मालकाची वाडी, शेजाऱ्याची वाडी, पाणंद, शाळा आणि देवळाचा माळ एवढे सगळे ओलांडून कोठे पडेल, हे झाडणाऱ्याला सांगता येत नाही.

कोकणात आणखी एक अडचण. येथली जमीन जांभ्याची, कुंपणाचे गडगेही जांभ्याचे. शिशाची गोळी कठीण दगडावर तिरकी आदळली की उसळी घेऊन भलत्याच दिशेला जाते; पाण्यावरूनही ती उसळते. नेमबाजीच्या मैदानात निशाण्यामागे मातीचा उंच बांध घालतात तो याचसाठी. निशाण्याच्या मागे काय आहे याची खात्री झाल्याशिवाय चापाला बोट लावू नये, हा नेमबाजीचा पहिला धडा. वाडीत झाडावरच्या जनावराच्या मागे असते फक्त आकाश.

छऱ्याची एअर रायफल या बाबतीत सौम्य खरी, पण निर्धोक नव्हे. तिचा छर्रा तीन-चारशे मीटरच्या आत जमिनीवर येतो. परंतु जवळून डोळ्याला लागला तर डोळा जातो. पाणंदीने शाळेला जाणारे पोर आणि गडग्यापलीकडे पातेरा गोळा करणारी बाई यांचा हिशेब कोणत्याही शस्त्राच्या किमतीत धरलेला नसतो.

'छोट्या शेतासाठी एअर रायफल की रिमफायर' ही चर्चा मुळात इंग्लंड-अमेरिकेतली आहे, हेही ध्यानात घ्यावे. अमेरिकेच्या २०२२ च्या कृषिगणनेत तेथील शेताचे सरासरी क्षेत्र ४६३ एकर भरले. तेथला 'छोटा' शेतकरीही आपल्या मानाने मोठा जमीनदार. आपल्याकडे २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रात सरासरी धारण क्षेत्र १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास. इंग्लंडमध्ये कमी शक्तीची एअर रायफल परवान्याविना मिळते. पण रिमफायरला पोलिसांचे प्रमाणपत्र लागते आणि जेथे ती चालवायची ती जमीन त्या कामास योग्य आहे की नाही, हेही पोलीस पाहतात. शिवाय तेथे शत्रू आहे ससा, कबूतर आणि उंदीर. शस्त्र, जमीन आणि जनावर या तिन्ही गोष्टी निराळ्या असताना फक्त सल्ला तेवढा उसना घेण्यात शहाणपण नाही.

कायदा काय म्हणतो?

दुसरी कसोटी कायद्याची. १८७८ च्या शस्त्र कायद्याने इंग्रजांनी या देशातील माणसाला नि:शस्त्र केले. युरोपीय माणसाला मोकळीक आणि ज्याच्या शेतात वाघ-डुक्कर शिरते त्या शेतकऱ्याला परवाना, असा तो अन्याय होता. त्याविरुद्ध काँग्रेसच्या व्यासपीठावरून आरंभीच्या काळापासून ठराव होत राहिले. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा आला आणि १९६२ पासून अमलात आला. त्याच्या तेराव्या कलमात एक महत्त्वाची तरतूद आहे. तिची माहिती शेतकऱ्यांइतकीच अधिकाऱ्यांनाही असायला हवी.

पिकाच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागितली, तर परवाना अधिकाऱ्याने तो परवाना द्यावयाचा आहे. ठासणीची पुरेशी नाही अशी त्याची खात्री झाली तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक तो मंजूर करू शकतो. त्याच कलमात पॉइंट टू-टू रायफल आणि एअर रायफल यांचाही उल्लेख आहे, पण तो मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या किंवा संघटनेच्या सदस्यासाठी, निशाणबाजीच्या सरावापुरता. म्हणजे ज्या दोन शस्त्रांपैकी कोणते निवडावे असा प्रश्न बागायतदाराला पडतो, त्या दोन्हींची जागा कायद्याने नेमबाजीच्या मैदानावर नेमून दिली आहे. शेतासाठी कायद्याला अभिप्रेत असलेली बंदूक तिसरीच आहे.

२०१६ च्या शस्त्र नियमांनी आणखी एक रेघ आखली. ज्या एअर रायफलीची ऊर्जा २० ज्यूलपेक्षा अधिक नाही आणि नळी ०.१७७ इंचापेक्षा मोठी नाही, तिला परवाना लागत नाही. या सवलतीचा अर्थ 'हिने वाडीतले प्राणी मारण्यास हरकत नाही' असा काढणे ही मोठी चूक आहे. शस्त्र बाळगण्याची मुभा वेगळी आणि शिकारीची वेगळी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाची व्याप्ती मोठी आहे: मारणे, पकडणे, फासे लावणे, विष घालणे, जखमी करणे आणि यांतले काहीही करण्याचा प्रयत्न करणे, हे सारे त्यात मोडते. वानर, शेकरू, मोर यांपैकी कोणावरही छर्रा झाडला तर तो गुन्हा ठरतो. शेकरू हा राज्यप्राणी आणि मोर राष्ट्रीय पक्षी, हे निराळे सांगायला नको. परवाना लागणारे शस्त्र परवान्याविना बाळगले तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षांचा कारावास आहे. डुकराने खाल्लेल्या सुरणापेक्षा ही किंमत फार मोठी आहे.

जनावराची कसोटी

तिसरी कसोटी जनावराची. शेतात येतात कोण? डुक्कर, वानर, माकड, साळिंदर, कोठे गवा. प्रौढ रानडुक्कर शंभर किलोच्या घरात जाते. त्याच्या कातडीला एअर रायफलीचा छर्रा म्हणजे खडा लागल्यासारखा. पॉइंट टू-टूच्या गोळीने ते सहसा जागीच मरत नाही. जखमी होऊन झाळीत शिरते. दुसऱ्या दिवशी त्याच झाळीत गवत कापायला गेलेल्या माणसावर ते चालून आले, तर दोष कोणाचा?

वानराची गोष्ट अधिक बोचरी आहे. शनिवारी ज्याच्या नावाने मारुतीला तेल घालायचे, त्याच्याच जातभाईला रविवारी छर्रा मारायचा, हा विरोधाभास कोकणी माणसाला आतून टोचत असतो. म्हणूनच 'मारायचे नाही, फक्त पळवायचे आहे' असे तो सांगतो. पण पळवण्याच्या कामी एअर रायफलीइतके निरुपयोगी शस्त्र दुसरे नाही, कारण तिला आवाजच नाही. कळपातल्या एकाला छर्रा लागतो, ते किंचाळते, बाकीचे दोन झाडे पलीकडे सरकतात आणि छर्रा शरीरात राहिलेले जनावर आठवडे-महिने कुजत फिरते. ना त्याला सुटका, ना बागेला.

राहता राहिले उंदीर-घुशी. त्यांच्यासाठी बंदूक हवी असे ज्याला वाटते त्याने आधी वाडीतली धामण मारणे थांबवावे आणि गव्हाणी घुबडाला अशुभ मानणे सोडावे. हे दोघे बिनपगारी राखणदार रात्रंदिवस जे काम करतात ते कोणत्याही नेमबाजाला साधणार नाही.

तिसरी बंदूक आणि तिची उपेक्षा

मग कायद्याने ठासणीची बंदूकच का निवडली असावी? कोकणातल्या जुन्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. गुळगुळीत नळीतून निघालेले बारीक छर्रे पसरतात आणि लवकर दम तोडतात. दोन-तीनशे मीटरपुढे त्यांचा मारा जात नाही. त्याहून मोठा गुण म्हणजे या बंदुकीत छर्रा न घालता नुसती दारू ठासून बार काढता येतो. डोंगर दणाणतो, कळप उठतो आणि रक्ताचा थेंब सांडत नाही. एअर रायफल आवाजाविना जखमी करते. ठासणीची बंदूक जखम न करता आवाज करते. राखणीला दुसरा गुण हवा असतो.

परंतु ज्या शेतकऱ्याला कायद्याने हा अधिकार दिला, त्याच्या वाट्याला प्रत्यक्षात काय येते? नव्या परवान्यासाठी हेलपाटे. परवानाधारक आजोबा गेले की बंदूक वारसाच्या नावावर करण्यासाठी पुन्हा पहिल्यापासून सारा खटाटोप. आणि निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करण्याची नोटीस. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता १६ मार्चला लागली आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गात मतदान झाले ७ मे रोजी. हेच आठवडे आंब्या-काजूच्या हंगामाचे! कोणाची शस्त्रे जमा करावीत हे ठरवण्यासाठी जिल्ह्यात छाननी समिती असते. गुन्ह्याचा डाग नसलेल्या, केवळ पीक-संरक्षणासाठी ठासणीची बंदूक बाळगणाऱ्या शेतकऱ्याला गावगुंडाच्या पंगतीत न बसवता निराळे काढणे, या समितीला अशक्य नाही. दर पाच वर्षांनी ऐन हंगामात राखणदाराचे हात बांधायचे आणि मग शेती का ओस पडते यावर परिसंवाद भरवायचे, ही विसंगती संपली पाहिजे.

कागदांच्या या जाचामुळेच माणूस दुकानातल्या एअर रायफलीकडे वळतो. ती कामाची म्हणून नव्हे, तर बिनकागदाची म्हणून. याहून वाईट वाटाही आहेत. कोणी कुंपणात विजेचा प्रवाह सोडतो आणि त्यात डुकराआधी माणूस सापडतो. कोणी पाइपात कार्बाइड घालून तोफ करतो. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात अशा कार्बाइडच्या तोफांनी किती मुलांचे डोळे जखमी केले, ते देशाने पाहिले. सरळ वाट अवघड केली की आडवाटा रुळतात.

राखण एकट्याची नव्हे

रानडुकराचा उपद्रव खरोखर असह्य झाला तर कायद्यात मार्ग आहे. वन्यजीव कायद्याच्या अकराव्या कलमाने, उभ्या पिकाला धोका ठरलेल्या दुसऱ्या अनुसूचीतील प्राण्याला मारण्याची लेखी परवानगी अधिकृत अधिकारी देऊ शकतो. महाराष्ट्र शासनाने रानडुक्कर आणि रोही यांच्याबाबत २०१५ मध्ये अशा परवानगीची कार्यपद्धती ठरवून दिली. केरळने मे २०२२ मध्ये आणखी पुढचे पाऊल टाकले. तेथे स्थानिक संस्थांच्या प्रमुखांना मानद वन्यजीव रक्षकाचे अधिकार देऊन, उपद्रवी डुकराला परवानाधारक नेमबाजाकरवी मारण्याचा आदेश काढण्याची मुभा दिली. राज्य कोणाचे हा भाग वेगळा. चांगली गोष्ट कोठूनही उचलावी. निर्णय गावाच्या पातळीवर, बंदूक जाणकाराच्या हातात आणि हिशेब कागदावर, ही त्या व्यवस्थेतली घेण्याजोगी बाब आहे.

मात्र बंदूक हा राखणीचा शेवटचा दहावा हिस्सा. उरलेले नऊ हिस्से माणसांचे आहेत. पूर्वी वाडीतल्या प्रत्येक घराची पाळी असे. माळ्यावर कोणी तरी जागे असे. डबा, हाकारा, गोफण आणि कुत्रे एवढ्या सामग्रीवर अख्खे शिवार राखले जाई. घरे बंद झाली, पोरे बोरिवली-डोंबिवलीला गेली आणि राखण एकट्या म्हाताऱ्यावर आली. एकट्याने बार काढला तर कळप शेजाऱ्याकडे जातो, शेजाऱ्याने काढला तर परत येतो. माकडांना सातबारा वाचता येत नाही! पाच-पंचवीस बागायतदारांनी एकत्र येऊन सामाईक राखणदार नेमला, सौर कुंपणाच्या शासकीय अनुदानासाठी एकत्र अर्ज केले, नुकसान झाले की वेळेत पंचनामा करून घेतला, तर त्यातून जे साधेल ते पंचवीस एअर रायफलींना साधणार नाही. गावोगावच्या कार्यकर्त्यांनी हाती घ्यावे असे हे काम आहे. त्याला भांडवल लागते ते फक्त संध्याकाळच्या दोन तासांचे.

मैदान बोलावते आहे

याचा अर्थ एअर रायफल आणि पॉइंट टू-टू ही शस्त्रे घराघरांत निषिद्ध मानावीत असा नाही. उलट त्यांच्या योग्य जागी ती मोठी गुणाची आहेत. अभिनव बिंद्राने २००८ मध्ये बीजिंगला सुवर्णपदक मिळवले ते छऱ्याच्या एअर रायफलीवर. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोत जगज्जेता झाला तोही तिच्यावरच. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेती ठरली आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक आणले, ते पन्नास मीटरवरच्या पॉइंट टू-टू रायफलीवर. दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्याचा मध्यबिंदू अर्ध्या मिलिमीटरचा असतो. त्यावर नेम धरणाऱ्या मुलाला श्वास रोखणे कळते, मन आवरणे कळते आणि शस्त्राविषयी आदर बाळगणे कळते. ज्याच्या घरात तेरा-चौदा वर्षांचे मूल आहे त्याने एअर रायफलीसाठी बाजूला काढलेले पैसे जवळच्या रायफल क्लबच्या प्रवेशासाठी द्यावेत. ते अधिक सत्कारणी लागतील.

तेव्हा दोन एकरांच्या मालकाला उत्तर स्पष्ट आहे. पॉइंट टू-टू वाडीत आणू नये. तिच्या पल्ल्यापुढे आपली जमीन तोकडी आहे आणि कायद्याने तिला शेतात जागा दिलेली नाही. एअर रायफल पिकाच्या राखणीसाठी घेऊ नये. तिने पीक राखले जात नाही, फक्त मुके प्राणी कुजतात. बंदूक हवीच असेल तर कायद्याने शेतकऱ्याला देऊ केलेली ठासणीची बंदूक रीतसर मागावी, ती नाकारली गेली तर कारण लेखी मागावे आणि त्यासाठी गावाने एकमुखाने उभे राहावे. शस्त्र हाती असणे आणि ते उगारण्याची वेळ येऊ न देणे, या दोन्ही गोष्टी एकाच शहाणपणाच्या बाजू आहेत. छत्रपतींच्या राज्यात रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लागू नये अशी अपेक्षा होती. ती आज शासनाकडून करावी, हे योग्यच. पण वाडीतल्या पंचवीस घरांनी ती एकमेकांकडूनही करावी.